मला नाही म्हणा

देव भक्ताची हाक ऐकतो, त्याचा पत्ता विचारत नाही, असं कीर्तनात बुवा सांगतात. निर्वासित संरक्षण कार्यालयात मात्र आधी देश विचारतात. तोही माणूस विचारत नाही, यंत्र विचारतं.

ते दाराशीच उभं असे. पडद्यावर देशांची नावं. आपला देश दाबला की खालून नंबराची चिठ्ठी येई. त्यात ‘देश नाही’ असं बटण नव्हतं. ज्यांना देश नाही त्यांच्यासाठीच काढलेल्या कार्यालयात तशी माणसं येतील, हे यंत्र मागवणाऱ्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. शिवाय पडद्यावरचं पहिलं बटण तेवढं जिवंत होतं. पहारेकरी येणाऱ्या प्रत्येकाला एकच मंत्र देई, “वरचं दाबा हो, बाकीची मेलीत.”

वरचं नाव होतं समुद्रातल्या एका टीचभर बेटाचं. ज्याच्याकडे पासपोर्ट असे, तो पुढे खिडकीवर जाऊन देश दुरुस्त करून घेई. तिथे आलेल्या एका शिंप्याकडे मात्र दाखवायला काहीच नव्हतं. त्याचं बेट तसंच राहिलं.

शिंपी मूळचा दोन देशांच्या सीमेवरचा. सीमा म्हणजे नदी. एका पुरात नदीने कूस बदलली. अलीकडचा देश म्हणाला, तुमचं गाव पलीकडे गेलं. पलीकडचा म्हणाला, आमच्याकडे कुठलं, ते तर नदीत गेलं. गाव बुडालं आणि गावकरी तेवढे दोन्हीकडून कोरडे राहिले. शिंप्याच्या बायकोला आणि सासूबाईंना इथे संरक्षण मिळालं होतं, कारण त्या आल्या त्या दिवशी वीज नव्हती आणि पहारेकऱ्याने नंबर हाताने लिहून दिले होते. शिंपी मागाहून आला, वीज असताना. नशीब, दुसरं काय!

संरक्षण अधिकाऱ्यांनी त्याला बोलावलं, तेव्हा ते वरपित्यासारखे फुलले होते.

“अभिनंदन! तुम्हाला देश आहे.”

“मला?”

“नोंद आहे ना आमच्याकडे. आता तुम्हाला आमच्या संरक्षणाची गरजच उरली नाही. विमानाचं आम्ही बघतो.”

“साहेब, मी समुद्र फक्त चित्रात पाहिलाय.”

“मायदेशाची ओढ अशीच दबून राहते.”

“अहो, ते बटण पहारेकऱ्यानं दाबायला सांगितलं!”

“पण बोट कुणाचं होतं?”

बोट शिंप्याचंच होतं. असल्या पुराव्यापुढे वकिलाचं काही चालत नाही, शिंप्याचं काय चालणार?

“माझी बायको यायची ना बरोबर?”

“त्या कशा येतील? त्या कुठे बेटाच्या आहेत?” अधिकाऱ्यांना त्याच्या भोळेपणाची कीव आली. “बेटाचे इथे एक मानद दूत आहेत. ते ‘हा आमचा’ म्हणाले की झालं. नुसती औपचारिकता.”

घरी बायको बाळाच्या झबल्याला बंद शिवत होती. तिचा आठवा सरत आला होता. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“लोकांना लॉटरीत गाडी लागते, जावईबापू. तुम्हाला बेट लागलं!”

“आई, थट्टा पुरे.”

“थट्टा मी करतेय का ते करतायत?”

बायकोने सुई खाली ठेवली. “बाळानं बाबा कुठे विचारलं, तर काय करू? नकाशावर बोट ठेवू?”

शिंप्याने सुई उचलून झबलं स्वतःच शिवायला घेतलं. सासूबाईंनीच विचारलं, “तो दूत नाही म्हणाला तर?”

“तर मी कुणाचाच नाही. मग इथे राहता येईल.”

“मग असं करते, जावई कुणाचा नसावा म्हणून नवस बोलते. देवानंही असला नवस कधी ऐकला नसेल!”

मानद दूत म्हणजे बुटांचा एक म्हातारा दुकानदार. त्याच्या आजोबांचा त्या बेटाशी काथ्याचा व्यापार होता, त्या पुण्याईवर हे पद घराण्यात आलेलं. दारावरची पितळी पाटी तो रोज घासे, पण बूट सोडून दुसऱ्या कशासाठी कुणी आत आलं नव्हतं. कार्यालयाचा निरोप गेला आणि म्हाताऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. कोटाला चिमुकला झेंडा टोचून तो वेळेच्या आधीच कार्यालयात हजर झाला. शिंप्यामागे बाकावर त्याची बायको आणि सासूबाई बसल्या होत्या.

“हे तुमचेच ना?” अधिकाऱ्यांनी शिक्का हातात घेऊनच विचारलं.

म्हाताऱ्याने दोन्ही हात पसरले. “बाळा, किती वाट पाहायला लावलीस! आमचाच, आमचाच. नाक बघा की!”

“भाऊ, जरा दमानं!” बाकावरून सासूबाई कडाडल्या. “नाक त्याच्या आईचं आहे!”

शिंपी पुढे झाला आणि त्याने हात जोडले. “काका, पाया पडतो तुमच्या. मला नाही म्हणा.”

“अरे, मी तुला घर देतोय!”

“माझं घर त्या बाकावर बसलंय, काका. आठव्या महिन्यात.”

माणूस जन्मभर देवापाशी एकच मागतो, मला आपलं म्हण. इथे एक जण नेमकं उलटं मागत होता, आणि समोरचा मायाळू निघाला हीच त्याच्यावरची आपत्ती होती.

म्हातारा बाकाकडे बघत राहिला. शिंप्याच्या बायकोने पदराखाली पोटावर हात धरला होता.

“आमच्या बेटानं आजवर कुणाला नाकारलेलं नाही,” तो पुटपुटला. “तसं कुणी आलंच नव्हतं म्हणा.” मग मान खाली घालून म्हणाला, “नाही.”

“मोठ्यानं. नोंद करायचीय.”

“नाही! हा आमचा नाही! मी याला ओळखत नाही!”

एवढं बोलून म्हातारा उठला आणि शिंप्याच्या गळ्यात पडून रडू लागला.

“अहो, मिठी मारू नका!” अधिकारी खुर्चीतून उडालेच. “ओळख असल्यासारखं दिसतं!”

दोघे दचकून बाजूला झाले. अधिकाऱ्यांनी खिन्न मनाने एक शिक्का ठेवून दुसरा उचलला. “ठीक. जगातल्या कोणत्याही देशाचे तुम्ही नाही. आता आम्ही तुमचं रक्षण करू.”

“पोरकं केल्याशिवाय मांडीवर घेत नाहीत बाई हे,” सासूबाई लेकीच्या कानात म्हणाल्या.

“आणि या गृहस्थांशी यापुढे संबंध नको. दिसला, तर नोंद पुन्हा उघडावी लागेल.” दोघांना दोन दारांनी बाहेर काढण्यात आलं.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी येण्याचा रस्ता बुटांच्या दुकानावरून जात होता. दारात म्हातारा उभा होता. शिंप्याला बघताच त्याने पाठ फिरवली आणि दुकानाची काच उगाच पुसू लागला. पाठ रस्त्याकडे होती, डोळे मात्र काचेतल्या प्रतिबिंबावर. शिंप्याने रस्ता ओलांडला, पलीकडच्या कडेने चालता चालता दुपट्याचं टोक बाजूला सारलं आणि पोरीचं तोंड काचेच्या दिशेला केलं.

“सरळ बघून चाला, जावईबापू,” मागून सासूबाई म्हणाल्या. “आणि जरा हळू चाला.”