हात देणाऱ्याचे हात

खेळ बनवणाऱ्या त्या कार्यालयात त्याला सगळे मास्तर म्हणायचे, कारण खेळाचे नियम तो लिहायचा. चित्रं दुसरे काढायचे, संगणकाला कळेल अशा भाषेत ती तिसरेच कोणी बसवायचे. पण थंडीने कोण आधी गारठणार, कुणाच्या पिशवीत काय मावणार आणि पडलेला माणूस उठणार कसा, हे ठरवणारा ब्रह्मदेव हाच. ब्रह्मदेवाला शोभेल एवढी घमेंडही त्याला होती.

खेळाचं नाव ‘पैलतीर’. आपापल्या घरात बसलेली माणसं संगणकावर एकत्र जमायची आणि धुक्यातला एक डोंगर ओलांडायची. लांडगे होते, दरडी होत्या, बर्फ होता. माणसाने माणसाला मारायची सोय मात्र नव्हती. उलट, पडलेल्याला स्वतःहून उठताच यायचं नाही. दुसऱ्या कोणीतरी येऊन गुडघे टेकायचे, दोन्ही हातांनी त्याचा हात धरायचा आणि तो सावरेपर्यंत तसंच थांबायचं. याला ‘हात देणं’ म्हणत. ही कल्पना मास्तरचीच, आणि सुरुवातीला तिचं फार कौतुक झालं होतं.

पुढे गर्दी ओसरली. साहेब एके दिवशी बैठकीत म्हणाले, “तुमच्या डोंगरावर सगळे इतके गुणी आहेत की मला बघता बघता डुलकी लागते. लोकांना जरा भांडू द्या की.”

साहेबांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. भांडणारी माणसं खेळात टिकतात, हे बाजारात सगळ्यांना दिसत होतं. चित्रकार बाईंनी सरळ तोडगा सुचवला. “ज्यांना मारामारी हवी त्यांच्यासाठी डोंगराच्या पायथ्याशी आखाडा करू. दोघांनी हो म्हटलं तरच लढत. बाकीच्यांना त्रास नको.”

साहेब मान डोलवायच्या बेतात होते. विषय तिथेच संपला असता. पण दुसऱ्याची कल्पना मान्य झाली की मास्तरच्या पोटात दुखायचं. तो म्हणाला, “आखाड्यात दोघंही सावध असतात, त्यात कसली आली मजा? हात देणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. पडलेल्याला त्याच्यावर वार करता येऊ दे, पण फक्त तेव्हाच. मग प्रत्येक पडलेला माणूस खरा की खोटा, याचा घोर लागेल सगळ्यांना.”

साहेबांनी टेबलावर थाप मारली. “याला म्हणतात डोकं!” चित्रकार बाईंनी आपली वही मिटली. मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढला तो चढलाच.

त्या कार्यालयात एक रीत होती. नवा नियम ज्याने लिहिला त्यानेच तो आधी वापरायचा. बंद खोलीतल्या चाचणीत नव्हे, तर खऱ्या लोकांमध्ये, खोटं नाव घेऊन. आणि त्याचं चित्रण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवायचं. म्हणून मास्तर दोरांच्या पुलावर जाऊन आडवा झाला आणि त्याने लिहिलं, ‘कोणी आहे का? पाय मोडला.’

पुष्कळ जण वळसा घालून गेले. मग धुक्यातून एक बाई आली. डोक्यावर निळं मुंडासं, हातात कंदील, आणि डोक्यावर तरंगणारं नाव ‘थांबा आलेच’. तिने गुडघे टेकले, कंदील बाजूला ठेवला, त्याचा हात धरला. मग एकेक अक्षर उमटायला लागलं, इतकं सावकाश की मास्तर वैतागला. ‘घाबरू नकोस बाळा. मी आहे.’

मास्तरने वार केला.

ती हात सोडून पळू शकत होती. तेवढी फट नियमात ठेवलेली होती. तिने हात सोडला नाही. पुन्हा अक्षरं रखडत आली. ‘चुकून लागलं वाटतं तुझं बटण. असू दे.’ मास्तरने दुसरा वार केला. बाई कोसळली, आणि तिचा कंदील घेऊन हा पसार झाला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ‘असू दे’ या शब्दांपाशी हशा पिकला. कोणाच्या नाकातून चहा आला. “पुन्हा लाव, पुन्हा लाव,” असा गलका झाला आणि मास्तरने ते पुन्हा लावलं. साहेब तर जाहिरातीचं बोलायला लागले.

रविवारी तो ताईकडे गेला. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. अर्धांगाच्या झटक्याने तिचा उजवा हात निकामी झाला होता आणि जी बाई सगळ्या गल्लीची कामं अंगावर घ्यायची, ती आता खिडकीपाशी खुर्चीत बसून असायची. निदान मास्तरची तरी तशी समजूत होती. दर आठवड्याला येतो म्हणायचा आणि महिन्यातून एकदा उगवायचा, तेव्हा त्याला ठाऊक तरी किती असणार!

भावोजींनी चहा आणला आणि हसत म्हणाले, “तुमच्या ताईसाहेबांना विचारा काय झालं ते. दोन घास गेले नाहीत पोटात.”

“तुम्ही गप्प बसा हो,” ताई लाजली. मग म्हणाली, “अरे, लेकीने तुझा तो खेळ बसवून दिलाय मला. तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं. म्हटलं, तुला वाटायचं बहीण आता चुका काढायला बसली.”

“जमतं तुला?” त्याने विचारलं.

“लढाया नाही जमत. डावा हात माझा, बटणं शोधण्यातच वेळ जातो. पण हात द्यायला काय लागतं? नुसतं धरून थांबायचं. ते येतं मला.” ती खुलली होती. “काकू म्हणतात सगळे. इथे मला कोणीतरी उठवावं लागतं रे. तिथे मी उठवते.”

मास्तरला बरं वाटलं. आपल्या हातून ताईचं भलं झालं, असं वाटून त्याची छाती फुगली. मग ताई म्हणाली, “परवा पुलावर एक पोरगं पडलं होतं. मी हात दिला तर मलाच लागलं. नवीन असेल बिचारं, चुकून दाबलं गेलं असेल. पण कंदीलही नेला रे त्याने. यांना मी तेच सांगतेय, चुकूनच झालं असणार. मुद्दाम कोण असं करेल?”

त्याने कप बशीत ठेवला. “तुझं... तिथे नाव काय आहे?” उत्तर काय येणार हे कळूनही त्याने विचारलं.

“थांबा आलेच,” भावोजी म्हणाले. “आयुष्यभर घरात हेच ऐकत आलोय आम्ही.”

दोघंही हसले. मास्तरही हसला, आणि त्या हसण्याची त्याला जी किळस आली ती घरी पोहोचेपर्यंत गेली नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपल्याकडे म्हणतात. पण धरणीला दुसरे उद्योग असतात. त्याने अनोळखी माणसाचा केसाने गळा कापला होता तेव्हा त्याला काहीच वाटलं नव्हतं. तो गळा ताईचा निघाल्यावर वाटलं. या गोष्टीचीही त्याला लाज वाटली, पण ती जरा उशिरा.

सोमवारी तो साहेबांच्या खोलीत गेला. “ते पुलावरचं चित्रण जाहिरातीत नको.”

“का? तोच तर प्राण आहे त्याचा! ती बाई ‘असू दे’ म्हणते आणि लोक हसून फुटतात.”

“बरं दिसत नाही. धुकं फार आहे.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “ओळखीची आहे का कोणी?”

बहीण आहे माझी, एवढंच म्हणायचं होतं. साहेब तसे काही राक्षस नव्हते. ऐकलंही असतं त्यांनी. पण मग ते बाहेर गेलं असतं, चहाच्या टेबलावर गेलं असतं, आणि ज्या बाईला सगळे हसले ती मास्तरची बहीण म्हणून पुन्हा हसले असते. शिवाय सख्ख्या बहिणीला लुटणारा म्हणून त्याचीही शोभा झाली असती. तो म्हणाला, “नाही. ओळखीची नाही.”

“मग राहू द्या जाहिरातीत,” साहेब म्हणाले. जाहिरात शनिवारी निघणार असं ठरलं.

शनिवारच्या आत ताईला सांगायचं, हे त्याने पक्कं केलं. रोज ठरवायचा, रोज फाटे फोडायचा. शेवटी शुक्रवारी कार्यालय सुटल्यावर तो गेला, तेव्हा ताईच दारापर्यंत काठी टेकत आली. “बरा आलास! बस इथे. गंमत दाखवते.”

“ताई, आधी माझं ऐक.”

“तुझं नंतर. अरे, मला कळलं सगळं. ते चुकून नव्हतं! नवा नियमच आहे तसा. दोन दिवस वाईट वाटलं. मग म्हटलं, माझ्या भावाने केलाय नियम, काहीतरी विचार करूनच केला असेल. मलाच खेळ नीट कळला नसेल. सगळेच आता तसं करतात, मग आपणही शिकावं.”

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. निळ्या मुंडाशातली बाई पुलावर आडवी पडली होती. वर तिने लिहून ठेवलं होतं, ‘पडले. हात द्या.’

“ताई, राहू दे ना.”

“थांब रे, येईल कोणीतरी.” डाव्या हाताची बोटं बटणांवर ठेवून ती खाली वाकली. पडद्याकडे पाहिलं की बटणं चुकायची, म्हणून तिची नजर बोटांवरच होती. “आला की सांग.”

धुक्यातून एक जण धावत आला. नाव होतं ‘लेटलतीफ’. त्याने झटकन गुडघे टेकले, दोन्ही हातांनी तिचा हात धरला आणि लिहिलं, ‘काकू! तुम्ही मला दरीतून काढलं होतं. आज माझी पाळी.’

मास्तरने ते वाचलं. ताईने वाचलं नव्हतं. थांब म्हणायला पुरेसा वेळ होता, पण तो तीच ओळ पुन्हा वाचत राहिला.

“आला ना?” म्हणत ताईने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. “जमलं! बघितलंस? डाव्या हाताने!” तिने मान वर केली आणि मग पडद्यावरची ओळ वाचली. तिचे ओठ एकेका शब्दावर हलले. लेटलतीफ पुलावर पडला होता. त्याने आणखी एकच शब्द लिहिला, ‘काकू?’, आणि तो खेळातून निघून गेला. ताईने ‘थां’ लिहिलं होतं, ते तसंच अर्धवट राहिलं.

“ताई,” मास्तर म्हणाला, “त्या दिवशी पुलावर मीच होतो. कंदील मी नेला. कार्यालयात सगळ्यांना त्याचं चित्रण दाखवलं, आम्ही हसलो. उद्या ते जाहिरातीत येणार आहे. साहेबांनी विचारलं ओळखीची आहे का, तर मी नाही म्हणालो.”

भावोजी स्वयंपाकघराच्या दारात थबकले. ताईने उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

“मी आहे हे माहीत असतं तर मारलं नसतंस ना?”

“नसतं, ताई. शपथ.”

“मलाही नव्हतं माहीत हा कोण आहे ते,” ती म्हणाली.

“चूक माझी आहे. तू काहीच...”

“तुझं मी पोटात घालेन रे. लहानपणापासून तेच करत आले.” तिने रिकाम्या पुलाकडे बोट दाखवलं. “पण माझं त्या पोराने कशाला पोटात घालावं?”