चौथं इंजिन

उदयसिंहने रॉकेलचा बोळा पिळला आणि गोणपाटावर ठेवलेल्या इंजिनाच्या बाजूचा काळा थर पुसून काढला. खालून नंबर वर आला. तो त्याने मोठ्याने वाचला, मग इंजिनाखाली हात घालून काहीतरी चाचपलं आणि बाहेर काढलेला हात पँटीला पुसला.

"नाही बसणार," तो म्हणाला.

बाकड्यावर बसलेल्या अंकुशने नुसती मान हलवली. शेजारी कृष्णकांतराव मांडीवर फाईल घेऊन बसले होते. हे सुकापूरच्या सेवा मंडळाचे अध्यक्ष. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली, फायलीतून मात्र ते अजून निवृत्त व्हायचे होते.

"का पण? इंटरनेटवर सगळं सेम दाखवतंय. आठशे सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर."

"इंजिन तेच आहे साहेब. पण हे निघालंय कारमधून. कारमध्ये ते आडवं बसतं, व्हॅनमध्ये उभं. तेलाची टाकी वेगळी, पकडायचे कान वेगळे. सख्खा भाऊ आहे, पण याचा सदरा त्याला होत नाही."

कृष्णकांतरावांनी यादीतल्या तिसऱ्या ओळीवर काट मारली. पहिल्या इंजिनाचा नंबर कोणीतरी कानशीने घासून टाकलेला होता. चोरीचा माल म्हणून उदयसिंहने त्याला हातही लावला नव्हता. दुसरं नव्या धाटणीचं, इंजेक्शनवालं निघालं. त्याला जुना पेट्रोल पंप लावायला जागाच नव्हती, आणि वायरिंगचं जंजाळ आणून या म्हाताऱ्या व्हॅनच्या गळ्यात बांधण्यात अर्थ नव्हता.

म्हातारी व्हॅन गॅरेजच्या दारात, पळस्प्याच्या पुलाकडे तोंड करून उभी होती. मागच्या काचेवर 'स्वर्गरथ' असं निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मंडळाची ही शववाहिनी अंकुश अकरा वर्षं चालवत होता. टॉवरमधल्या सोसायट्यांना तिची गरज उरली नव्हती, त्यांच्याकडे एसीवाल्या मोठ्या गाड्या यायच्या. पण त्या मोठ्या गाड्या वीटभट्ट्यांच्या आणि डोंगरातल्या वाड्यांच्या रस्त्यांवर चढत नसत. तिथे हीच जायची. अशाच एका चढावर पाणी संपलेलं अंकुशच्या लक्षात आलं नाही आणि इंजिन तापून ब्लॉकलाच तडा गेला. अकरा वर्षांत पाणी बघायचं तो कधी विसरला नव्हता. कृष्णकांतरावांनीही त्यावर अवाक्षर काढलं नाही.

वरद गेल्यापासून अंकुशचं असंच चाललं होतं. चौदा महिन्यांपूर्वी त्याचा तेवीस वर्षांचा मुलगा चार दिवसांच्या तापाने गेला. त्यालाही अंकुशनेच याच गाडीतून नेलं. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस! धीरबीर काही नव्हता. क्लच अर्ध्यावर सुटायचा आणि नवख्या ड्रायव्हरला ते जमलं नसतं, एवढंच होतं. तेव्हापासून त्याला काही वाटेनासंच झालं. डाळीत मीठ नसलं तरी वाटत नसे, डोळ्यांदेखत कोणाची आई गेली तरी वाटत नसे. गाडी चालवायला हे एका परीने सोयीचंच होतं.

"मंगळवारी गोमाचा फोन आला होता," तो एकाएकी म्हणाला. "भट्टीवरचा गोमा. आई गेली त्याची. मी सांगलं, गाडी बंद हाय. त्यांनी विटांच्या टेम्पोतून नेली. निम्म्या विटा तशाच होत्या आत."

उदयसिंह पाना शोधू लागला. कृष्णकांतरावांनी फाईलची दोरी बांधली, सोडली, परत बांधली.

त्या दोघांनाही एक गोष्ट ठाऊक होती. या गाडीला हुबेहूब बसेल असं इंजिन शोधायला लांब जायची गरजच नव्हती. ते सुकापुरातच, अंकुशच्या घरामागे, निळ्या ताडपत्रीखाली उभं होतं. वरद उलव्याच्या बांधकामांवर पाण्याचे जार पोचवायचा. त्यासाठी त्याने आईच्या नावावर जुनी व्हॅन घेतली होती, त्याच साच्याची, एका वर्षाने धाकटी. साऱ्या गावाला हे माहीत होतं. म्हणून तर सारं गाव कुर्ल्यापासून खोपोलीपर्यंत भंगारवाल्यांना फोन करत सुटलं होतं. मागायचं नाही म्हणजे नाही, हे कोणी न ठरवताच ठरलेलं होतं.

"वरदची गाडी हाय ना," अंकुश म्हणाला.

"अहो अंकुश, तसं काही नाही हं. आपण अजून बघू. मी पुण्याला एकाला..."

"तिचंच बसंल. उदयभाऊ, बसंल का नाय?"

उदयसिंहने पाना खाली ठेवला. "बसेल. नंबराआधीची अक्षरंसुद्धा तीच आहेत. पण वर्षभर बंद गाडी, आत उंदरांनी काय केलं असेल देव जाणे. आधी चालू करून बघावं लागेल. आणि भाऊ, वहिनींना विचारा."

संध्याकाळी अंकुश घरी आला तेव्हा त्याची बायको शकू पडवीत तांदूळ निवडत होती. त्याने उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"वरदच्या गाडीचं इंजिन मंडळाला देऊ म्हनतो. गाडी तुझ्या नावाव हाय, सही लागंल."

शकूचं बोट सुपात थांबलं. मग तिने एक खडा उचलून बाहेर टाकला.

"कवा नेनार?"

"परवा सकाळी उदयसिंह येतोय बघाया."

"द्या," ती म्हणाली आणि पुन्हा तांदळाकडे वळली.

तिचा आवाज चढला नाही की भरून आला नाही. त्या ताडपत्रीकडे ती कधी बघतसुद्धा नाही, हे अंकुशने केव्हाच हेरून ठेवलं होतं. त्याला वाटलं, चला, हिचंही आपल्यासारखंच झालं. दगडाशेजारी दगड. निदान एकमेकांना टोचत तरी नाही.

ठरल्या दिवशी उदयसिंह चार्ज केलेली बॅटरी, केबल आणि पेट्रोलचा डबा घेऊन हजर झाला. दोघांनी मिळून ताडपत्री ओढली. आत कुबट वास येईल म्हणून उदयसिंहने नाकाला रुमाल लावला होता. तो त्याने हळूच खाली घेतला.

"टायरमध्ये हवा आहे, भाऊ."

अंकुशने टायरवर लाथ मारून पाहिली. हवा होती.

उदयसिंहने दार उघडलं. मागे जारांच्या जागेवर बोटभर धूळ होती, पण ड्रायव्हरची सीट लख्ख पुसलेली होती. इंजिन या सीटच्याच खाली. त्याने ती उचलून तेलाची पट्टी बाहेर ओढली, उजेडात धरली आणि बोटावर तेल घेऊन चोळलं. ते मधासारखं होतं.

"हे तेल चौदा महिन्यांचं नाही." त्याने सीट खाली आपटली. "चोकही अर्धा ओढलेला आहे. भाऊ, तुम्ही मधे मधे चालू करता काय?"

"मी? नाय. मी हातसुदिक लावला नाय."

उदयसिंहने आपल्या बॅटरीकडे एकदा पाहिलं, पण केबल काही जोडली नाही. आत बसून त्याने गाडीतच लटकणारी किल्ली फिरवली. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. आधी खोकलं आणि मग एकसारखं चालू लागलं, कालच कोणी जार टाकून आल्यासारखं.

मागच्या दारात शकू चहाचे कप घेऊन उभी होती. उदयसिंहने तिच्याकडे पाहिलं आणि तो उगाचच उतरून मागच्या चाकापाशी जाऊन बसला.

"शकू?" अंकुश म्हणाला.

"बंद ठेवली की आखडते म्हनायचा तो." ती कपांकडे बघत बोलत होती. "तुमी सकाळी गेलात की करते. पाच मिनटं."

"रोज?"

"तुमी घरी असलात की नाय."

"आनि पेट्रोल?"

"निनाद आनून देतो. त्याच्याबरोबर जार टाकायचा तो. तेल पन त्यानंच बदललं, दिवाळीत."

"मला का नाय सांगलंस?"

"तुमाला तरास झाला असता. तुमी तिच्याकडं बघत पन नाय."

इंजिन चालूच होतं. अंकुशने एक कप घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. चौदा महिने वाटत नव्हतं ते काहीतरी त्याला आता वाटलं, आणि ते दुःख नव्हतं. तो हेवा होता. त्याला बायकोचा हेवा वाटला. तो भट्ट्यांवरून दुसऱ्यांची माणसं वाहत होता तेव्हा ही इथे बसून रोज पोराजवळची पाच मिनिटं घेत होती, एकटीच, आणि त्यातलं अर्धं मिनिटसुद्धा तिने त्याच्यासाठी ठेवलं नव्हतं. मग त्याची त्यालाच शरम वाटली. तीच पाच मिनिटं तर तो उपटून न्यायला निघाला होता, तिने 'द्या' म्हटलं म्हणून.

"उदयभाऊ, राहू द्या," तो म्हणाला. "दुसरं बघू. पुन्याला कोन हाय म्हनले कृष्णकांतराव."

"राहू द्या कशाला?" शकूने उरलेला कप उदयसिंहपुढे धरला. "गोमाची आय विटांवरनं गेली. परवा आनखी कोन जाईल. न्या तुमी, भाऊ. पन आमचं एक काम करायचं."

"बोला वहिनी."

"तुमाला नाय. ह्यांना." ती अंकुशकडे वळली. "ती गाडी दारात लावायची."

अंकुशला आधी कळलंच नाही. अकरा वर्षं रथ मंडळाच्या शेडमध्ये, गावाबाहेर असायचा. तिथून तो चालत यायचा आणि अंगावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. हा नियम शकूचाच. रथाची सावली कोणाच्याच अंगणात पडायला नको, असं ती लग्नाच्या घरांतून सांगत फिरायची.

"लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे," शकू म्हणाली.

इंजिन खालून उतरवायला एक दिवस गेला, रथात चढवायला दोन. शनिवारी ऊन कलताना अंकुशने गाडी पळस्प्याहून आणली आणि शेडकडे न वळता सरळ आळीत घातली. शेजारच्या गुणाबाईने वाळत घातलेले पापड भराभर गोळा केले आणि दार लावून घेतलं. मागच्या अंगणात वरदची व्हॅन पुढून हलकी होऊन नाक वर करून उभी होती. तिच्या बाजूला शकूने एका गाडीपुरती जागा झाडून ठेवली होती. अंकुशने रथ तिथे घेतला आणि किल्लीकडे हात नेला.

"नका बंद करू," शकू पायरीवरून म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. मग तो दार उघडं ठेवून उतरला आणि वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसला. शकूने पदर खोचला आणि ती स्टिअरिंगपाशी चढली. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती समोर बघत राहिली. सीटखालून इंजिनाची बारीक थरथर दोघांच्याही अंगात येत होती. मागे रिकामं स्ट्रेचर त्याच तालात किणकिणत होतं.

थोड्या वेळाने सवयीने तिचा हात किल्लीकडे गेला. पाच मिनिटं झाली असावीत.

"आनखी थोडा वेळ राहू दे," अंकुश म्हणाला.