हातभर अंतरावरचा माणूस

‘‘हात लांब करतेस? भीक मागतेस का कुणाकडं?’’ डॉन मेल्चोर ओरडले.

एव्हेलियानं हात आवरले. ट्रॅक्टरचा जुना टायर जमिनीवर आडवा टाकला होता आणि त्याच्या आत ती आणि खाटकाची पोरगी नीदिया अशा दोघी उभ्या होत्या. टायरच्या बाहेर पाय टाकायचा नाही, एवढाच नियम. मागे सरायला जागाच नाही म्हटल्यावर माणूस काय करतो, ते मेल्चोरना बघायचं असे.

‘‘लांबून मारणं म्हणजे चिठ्ठी पाठवणं. पोचली तर पोचली. कपाळ तिच्या खांद्यावर टेक. टेक म्हणतो ना! लाजतेस काय, नवरा आहे का तो तुझा? आता कोपर पोटाला चिकटव आणि कलेजीवर मार. कलेजी कुठं असते ते हिलाच विचार, हिच्या बापाच्या दुकानात टांगलेली असते.’’

नीदियाला हसू आलं आणि तेवढ्यात एव्हेलियाची डावी मूठ तिच्या बरगडीखाली शिरली. नीदिया गुडघ्यांवर बसली. श्वास परत आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे एव्हेलियाच्या सात पिढ्यांचा उद्धार.

‘‘हां,’’ मेल्चोर म्हणाले. ‘‘याला बॉक्सिंग म्हणतात. बाकी सगळा नाच.’’

बाकी सगळा नाच म्हणजे कोण, हे तालमीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एव्हेलियाचा बाप.

फाउस्तो बार्राहान. नेझाच्या वस्तीत अजूनही लोक त्याला ‘कात्रिन’ म्हणत, म्हणजे छानछोक. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं केस कापायचं दुकान होतं. खुर्ची एक आणि आरसे चार, कारण गिऱ्हाइकापेक्षा आरशाची गरज त्यालाच जास्त. तरुणपणी तो पैशावर लढायचा. फार मोठं काही जिंकला नव्हता, पण मार कधी खाल्ला नव्हता, आणि त्याच्या लेखी ही जिंकण्याच्या वरची पायरी होती. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं आणि त्याच्या गळ्याभोवती कापड आवळलं गेलं, की ते बिचारं कुठं पळणार? मग फाउस्तो त्याचा हात धरून स्वतःच्या नाकाला लावायचा.

‘‘बघा, हाड बघा. सरळ! उभी जवानी रिंगमध्ये काढली, पण नाकावर माशी बसू दिली नाही. आणि त्या मेल्चोरचं नाक बघितलंत? कुणी वर बसून उठल्यासारखं. दहा फेऱ्या माझ्या मागं पळत होता गडी. काय मारलं त्यानं? हवा! पंचांनी माझा हात वर केला तेव्हा माझा भांगसुद्धा मोडला नव्हता.’’

लहानपणी ही गोष्ट ऐकताना एव्हेलियाची मान ताठ व्हायची. नंतर नंतर तिला ती पाठ झाली, आणि मग तिला त्या गोष्टीची किळस यायला लागली. कारण बाप रिंगमध्ये जसा होता तसाच घरात. शाळेतून बोलावणं आलं, की हा नाहीसा. घरात भांडण पेटलं, की हा नाहीसा. आई पहाटे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या तामालेसचं पातेलं घेऊन बसथांब्यावर बसायची आणि हा बारा वाजता उठून केसांना तेल चोपडायचा. आई दवाखान्यात शेवटची पडून होती, तेव्हा ‘‘कॉफी घेऊन येतो’’ म्हणून तो गेला तो थेट अंत्यविधीलाच उगवला. इस्त्रीचा सदरा, चकचकीत बूट. लोकांनी आळीपाळीनं त्याला मिठ्या मारल्या, आणि त्यानं मान एका बाजूला कलती ठेवून त्या घेतल्या. शवपेटीच्या पलीकडून एव्हेलिया बघत होती. हाही ठोसा यानं चुकवला, असं तिच्या मनात आलं.

ती मक्याच्या पोळ्यांच्या दुकानात यंत्रापाशी उभी असायची. पिठाचे गोळे वरून टाकायचे, खालून गरम पोळ्या उचलायच्या. अंगानं बुटकी, रुंद, हात आखूड. ‘‘आईवर गेलीस,’’ बाप म्हणायचा, ‘‘तुला बॉक्सिंग जमायचं नाही. या खेळाला उंची लागते, डौल लागतो.’’ म्हणून मग ती मेल्चोरकडे गेली. तिला पदक नको होतं आणि जेत्याचा पट्टाही नको होता. या माणसाला एकदा, चार लोकांदेखत, असं मारायचं होतं की त्याला जागचं हलता येऊ नये. बस, एवढंच.

‘‘कुणाची गं तू?’’ पहिल्या दिवशी मेल्चोरनी विचारलं होतं.

‘‘कात्रिनची.’’

त्यांनी तिचे हात वर करून बघितले, कोपरं वाकवून बघितली. ‘‘वाटत नाहीस,’’ ते म्हणाले. ‘‘बरं झालं.’’

मग शिक्षण सुरू झालं. शिक्षण कसलं, रोजचा पाणउतारा. मेल्चोर रिंगमध्ये आरामात फिरायचे, एका हातानं पँट सावरत, आणि एव्हेलियानं त्यांना गाठायचं. ती धावली, की ते नुसते बाजूला व्हायचे आणि ती दोरांवर आदळायची.

‘‘मागं काय लागतेस? मागं कुत्रं लागतं. तू वाट अडव. तो डावीकडं निघाला, की तू आधीच तिथं हजर पाहिजेस, भाडं मागायला आलेल्या घरमालकिणीसारखी. त्याला वाटलं पाहिजे, ही बया इथं कधी आली?’’

आत शिरायचं तर मार खावा लागतो, हे तिला इथं कळलं. एक-दोन ठोसे घेतल्याशिवाय कुणी जवळ येऊ देत नाही. ते कपाळावर घ्यायचे, हनुवटी छातीत खुपसायची आणि पाय पुढेच टाकायचा. एकदा हनुवटी वर राहिली आणि नाक गेलं. त्या संध्याकाळी बापानं तिच्या सुजलेल्या नाकाकडे बघितलं, मग आरशात स्वतःच्या नाकाकडे बघितलं.

‘‘वाटोळं करून घेतलंस,’’ तो म्हणाला. ‘‘आता तुला कोण करणार?’’

एव्हेलियाला त्या दिवशी इतका आनंद झाला की रात्रीचं जेवण तिनं दोनदा वाढून घेतलं.

आणखी एक गोष्ट तिला कळली, जी मेल्चोरनी तोंडानं कधी सांगितली नाही. अंगाला अंग भिडलं, की माणूस लपत नाही. बाहेरच्यांना दोन पाठी दिसतात, बाकी काही दिसत नाही. पण कपाळ समोरच्याच्या खांद्यावर टेकलेलं असलं, की त्याचा श्वास कुठं अडकतोय, पोट कधी थरथरतंय, धीर कधी सुटला, सगळं कळतं. समोरचा कधी कधी पुटपुटतो. शिव्या देतो, देवाला हाका मारतो. ते तिथंच राहतं. रिंगमधून उतरल्यावर त्याबद्दल कुणी बोलत नाही, मेल्चोरच्या तालमीत तर नाहीच.

शनिवारी दुपारी बाप तालमीत आला. एकटा येण्यातला नव्हताच तो. दुकानातली तीन-चार रिकामटेकडी गिऱ्हाइकं बरोबर, एकाचे केस अर्धेच कापलेले. पायांत जुने पांढरे लढायचे बूट. कुणीतरी खुर्चीत बसून त्याला म्हटलं होतं की तुझी पोर हुबेहूब मेल्चोरसारखी लढते. ते त्याला झोंबलं होतं.

‘‘मेल्चोर, अरे तुला कुणी दुसरं मिळालं नाही?’’ दारातूनच तो नाकानं कांदे सोलत म्हणाला. ‘‘माझ्याच पोरीला मार खायला शिकवतोस? त्यात तुझा हातखंडा आहे, ते मान्य आहे म्हणा.’’

गिऱ्हाइकं हसली. मेल्चोर दोरी गुंडाळत राहिले.

‘‘अपा,’’ एव्हेलिया म्हणाली, ‘‘एवढं कळतंय तर चढा ना वर. एक फेरी.’’

‘‘तुझ्याशी? बुटके, तुझा हात माझ्या बनियनपर्यंत पोचणार नाही.’’

‘‘मग घाबरताय कशाला?’’

आता तालमीतली सगळी ठोसे मारायच्या पोत्यांपासून बाजूला होऊन बघायला लागली होती. अर्ध्या केसांचं गिऱ्हाईक म्हणालं, ‘‘होऊन जाऊ दे, कात्रिन!’’ लोक बघतायत म्हटल्यावर फाउस्तोनं नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

‘‘म्हाताऱ्या, घरी जा,’’ मेल्चोर हळूच म्हणाले.

‘‘तू अजून माझी सावलीच धरतोयस काय रे?’’ फाउस्तो म्हणाला आणि त्यानं हातात ग्लव्ह्ज चढवले.

घंटा झाली. खरं सांगायचं तर त्याचे पाय अजून सुरेख होते. छप्पन वर्षांचा माणूस, पण टाच जमिनीला लागत नव्हती. डावीकडे, उजवीकडे, मधूनच एक हलकी चापट तिच्या मोडलेल्या नाकावर. ‘‘हवा!’’ तो ओरडायचा आणि गिऱ्हाइकं ‘‘हवा!’’ म्हणून साथ द्यायची. एव्हेलियाच्या डोळ्यांना पाणी आलं, नाकाला रक्त आलं. ती धावली नाही. तो डावीकडे निघाला, ती तिथं होती. तो थबकून उजवीकडे वळला, ती तिथंही होती. प्रत्येक वळणाला त्याची जागा थोडी थोडी कमी होत गेली आणि त्याच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्याचं लक्ष बघणाऱ्यांकडे होतं. पाठीला कोपऱ्यातला खांब लागला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच तो भाव उमटला: ही बया इथं कधी आली?

तिनं कपाळावर दोन ठोसे घेतले आणि आत शिरली. कपाळ त्याच्या गळ्यापाशी टेकलं. केसांच्या तेलाचा वास आला. इतक्या जवळ ती या माणसाच्या कधी गेली होती, तिला आठवेना. श्वासात शीळ होती, म्हातारी, चिरकी शीळ. हातभर अंतरावरून ती कुणाला ऐकू आली नसती. तिनं कोपर पोटाला चिकटवलं, कंबर फिरवली आणि डावी मूठ त्याच्या बरगडीखाली गाडली.

आवाज फारसा झाला नाही. बापाचं सगळं अंग एकदम सुटलं आणि त्याचं वजन तिच्यावर आलं. तो पडला नाही, कारण पडायच्या जागी ती उभी होती.

‘‘पोरी,’’ तो तिच्या कानात म्हणाला. आवाज कसला, नुसता वारा. ‘‘पडू देऊ नकोस. लोक बघतायत.’’

इतकी चीड तिला आईच्या पेटीपाशीसुद्धा आली नव्हती. आईचं नाव नाही. चुकलं म्हणून एक शब्द नाही. आयुष्यात पहिला ठोसा लागला, आतडी पिळवटून निघाली, आणि या माणसाला काळजी कसली तर लोक बघतायत! करायचं काहीच नव्हतं. फक्त अर्धं पाऊल मागे घ्यायचं. मग तो थेट तोंडावर आपटला असता, ते सरळ नाक रिंगच्या फळ्यांवर, अर्ध्या केसांच्या गिऱ्हाइकासमोर, मेल्चोरसमोर. यासाठीच तर ती इथं आली होती.

तिनं पाय उचललासुद्धा. पण मागे सरणं, ऐन वेळेला बाजूला होणं, हे त्याचं काम होतं. हा माणूस त्यातच मुरलेला होता. तिला ते कधी जमलं नव्हतं आणि इथं कुणी शिकवलंही नव्हतं. तिनं पाय होता तिथंच ठेवला.

खांदा त्याच्या काखेत घातला आणि त्याला खांबाशी दाबून धरलं. मोकळ्या हातानं त्याच्याच ग्लव्ह्जवर ती फटाफट मारत राहिली, नुसता आवाज होईल असं. बाहेरून झटापट दिसत होती. ‘‘सोडवून घे कात्रिन, सोडवून घे!’’ गिऱ्हाइकं ओरडत होती. ‘‘श्वास घ्या,’’ ती त्याच्या छातीत तोंड खुपसून म्हणाली. ‘‘नाकानं. अपा, नाकानं घ्या.’’ तो लहान पोरासारखा नाकानं श्वास घ्यायला लागला. त्याचं वजन जड होतं, आणि फेरी संपेपर्यंत तिनं ते पेललं. तिला दया आली नव्हती. तिला तो तितकाच फालतू वाटत होता, उलट जास्तच.

घंटा झाली. फाउस्तोनं डोळे उघडले, तिच्या खांद्यावर हात टेकून सरळ झाला आणि मग त्याच हातानं तिला दूर ढकललं.

‘‘बघितलंत?’’ त्यानं दुसरा हात वर केला. ‘‘मिठी मारून बसली बिचारी! करणार काय, हातच लावू दिला नाही तर!’’

टाळ्या पडल्या. बापानं एका हातानं भांग सारखा केला. दुसरा हात मात्र त्यानं कुशीला दाबून धरला होता, आणि दोरांमधून उतरताना तो दोनदा थांबला. जाता जाता अर्ध्या केसांच्या गिऱ्हाइकानं एव्हेलियाला विचारलं, ‘‘खरंच गं, एकही नाही लागला?’’

‘‘नाही लागला,’’ ती म्हणाली.

सगळी गेल्यावर ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. मेल्चोरनी तिच्या नाकाला ओलं फडकं लावलं आणि खाली बसून ग्लव्ह्जच्या गाठी सोडायला घेतल्या. त्यांची बोटं वाकडी होती, वेळ लागत होता.

‘‘डॉन मेल्चोर,’’ तिनं विचारलं, ‘‘तुमच्या लढतीत, शेवटच्या फेरीत. तुम्हीही त्याला गाठलं होतं ना? तुम्हालाही तो काहीतरी म्हणाला होता.’’

तालमीच्या मागच्या खोलीतल्या पोत्यावर ठोसा चुकीचा पडला, तरी या माणसाला इथं बसल्या जागी ऐकू येत असे आणि तो तिथूनच शिवी हासडत असे. एव्हेलियाला ते चांगलं ठाऊक होतं.

‘‘त्या बाजूच्या कानानं मला ऐकू येत नाही,’’ मेल्चोर म्हणाले आणि दुसऱ्या हाताची गाठ सोडायला लागले.