दुसऱ्यांचं सांगणारी

“पुन्हा?” सॉ क्वे से आजोबांनी पान गालात सारलं. “तांदूळ निम्मा केला, डाळ बंद केली. प्रश्नांचं रेशन तेवढं कुणी कापत नाही!”

लेर वानं थाईत सांगितलं, “आजोबा म्हणतात, आलात ते बरं झालं.”

आचान पिमचन हसल्या. आचान म्हणजे प्राध्यापक; त्या थायलंडमधल्या विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवत. लढाईनं गावातून उठवलेली माणसं वर्षानुवर्षं मदतीच्या तांदळावर कशी जगतात, हा त्यांचा विषय. म्यानमारच्या सीमेवरच्या या कारेन निर्वासितांच्या छावणीत त्या बारा वर्षं येत होत्या, आणि दरवेळी दुभाषी लेर वाच. एरवी ती छावणीच्या शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला थारामू, म्हणजे बाई, म्हणत. आचानांच्या आधी पत्रकार झाले, डॉक्टर झाले, देणगीदार झाले. जळलेली गावं, सुरुंगात गेलेले पाय, सगळं तिच्या तोंडून बाहेर गेलं होतं; तेही ‘मी’ म्हणून. दुभाष्यानं ‘तो म्हणतो’ म्हणायचं नसतं, असं तिला सुरुवातीलाच शिकवलं होतं.

“ही माझी शेवटची खेप,” आचान म्हणाल्या. “मदतसंस्था निघाल्यात इथून. त्याआधी एकदा नीट उतरवून घेते. गाव सोडलं तो दिवस सांगा म्हणावं.”

लेर वानं विचारलं. म्हातारा भिंतीला टेकला.

“मला दम नाही गं, थारामू. तुला पाठ आहे, तूच सांग. चुकलीस तर टोकेन.” बाजारापुरती थाई त्यालाही कळायची.

सकाळपासूनचं हे तिसरं घर होतं. लेर वानं डोळे मिटले आणि सांगायला लागली.

“भात सडत होतो, तेव्हा पहिला गोळा पडला. टोपली पाठीवर घेतली, पट्टा कपाळाला लावला आणि डोंगर चढलो. रात्रभर पाऊस. विस्तव पेटवायची सोय नव्हती, सैनिकांना धूर दिसला असता. पाठीला टोपली गरम लागत होती. ताप होता ना अंगात. मग नदीजवळ ती ऊब गेली. मला वाटलं, ताप उतरला. बरंच वाटलं मला. तशीच चालत राहिले. पलीकडे पोचल्यावर टोपली उतरवली, तर...”

“थारामू,” म्हातारा हळूच कारेनमध्ये म्हणाला, “माझ्या टोपलीत बियाणं होतं.”

लेर वानं डोळे उघडले.

आचानांना त्याचे शब्द कळले नव्हते. पण पुरुषाच्या गोष्टीत मध्येच बाई बोलायला लागली होती, ते त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी रेकॉर्डर बंद केला.

“लेर वा, इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस.”

“मी दुभाषी, आचान. मला कोण विचारणार?” तिनं पदरासारखा खांद्यावरचा पंचा सारखा केला. “माफ करा. आजोबांचं पुढचं सांगते.”

“थांब जरा.” आचानांचा आवाज खाली आला. “टोपलीत कोण होतं?”

लेर वा सवयीनं म्हाताऱ्याकडे वळली आणि तिनं कारेनमध्ये विचारलं, “टोपलीत कोण होतं, विचारतायत.”

म्हातारा चटईवर थोडा सरकला आणि शेजारची जागा त्यानं हातानं झटकली. लेर वा उठली आणि आचानांसमोर, त्याच्या बाजूला जाऊन बसली.