चंचीतल्या गोळ्या

बेडश्याच्या भामाबाईच्या चंचीत पान-सुपारीबरोबर तांबड्या गोळ्यांचं पाकीट असायचंच. भात लावताना दिवसभर वाकून कंबर धरली, की बायका बांधावर चहाबरोबर एकेक गोळी घ्यायच्या आणि पुन्हा चिखलात उतरायच्या. वीस वर्षं हेच चाललेलं. कुणाला काही झालं नाही, मग विचारायचं कशाला?

म्हणून सातव्या महिन्यातली सून समीक्षा कंबर धरून भिंतीला टेकली, तेव्हा भामाबाईनं मायेनंच चंची सोडली. "घे गं. लय गुण हाय हिचा." तीन दिवसांत तीन गोळ्या झाल्या. सुनेला आराम पडला आणि सासूलाही बरं वाटलं.

चौथ्या दिवशी दोघी तपासणीला कान्ह्याच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "दुखण्यावर काही घेतलं का?"

"न्हाई," समीक्षा पटकन म्हणाली.

भामाबाईला हायसं वाटलं, पण घटकाभरच. "बरं केलंस," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सूज-दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या या महिन्यांत चालत नाहीत. बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं, हृदयावरही परिणाम होतो."

पोरगी आपल्याला सांभाळायला खोटं बोलली होती. गप्प बसावं तर पोटातल्या जिवाचं काय? बोलावं तर मागं बाकावर शेजारची धोंडाबाई कान टवकारून बसलेली. संध्याकाळपर्यंत गावभर होणार, की भामानं नातवंडाला विष चारलं. भामाबाईला स्वतःची लाज वाटली, की असल्या वेळी आपण धोंडाबाईचा विचार करतोय. तिनं चंची सोडून पाकीट टेबलावर ठेवलं.

"मीच दिल्या. तीन. तिला काय बोलू नका."

डॉक्टरबाईंनी नाव वाचलं आणि लगेच सोनोग्राफी करून घेतली. तेवढा वेळ भामाबाईनं पान काही तोंडात घातलं नाही.

"पाणी पुरेसं आहे, ठोकेही ठीक आहेत. वेळेवर सांगितलंत, बरं झालं. आता यातली एकही नाही. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही मला विचारून, मी सांगेन तेवढीच. कमरेला कोमट शेक द्या, कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी घ्या, वाकायचं काम बंद. रक्त दिसलं किंवा पोट आवळायला लागलं तर घरी थांबायचं नाही."

बाहेर आल्यावर भामाबाईनं विचारलं, "खोटं का बोललीस गं?"

"तुमाला बोलणी बसली असती, आत्याबाई."

"बसू दे की. बोलण्यानं मी काय मरत न्हाई."

दुसऱ्या दिवशी बांधावर चहा आला आणि सवयीनं हात पुढं झाले. भामाबाई एकेकीजवळ जाऊन हळूच विचारत सुटली, पाळी कधी आली म्हणून. बायका हसायला लागल्या. रतनबाईची नवी सून प्रेरणा मात्र हसली नाही. मान खाली घालून पुटपुटली, "दोन महिनं झालं. घरी अजून सांगितलं न्हाई."

तिचा पुढं केलेला हात भामाबाईनं मिटवला आणि तिला बांधावर बसवलं. गेल्या वर्षी याच बांधावर समीक्षाचं दोन महिन्यांचं पोट पडलं होतं, आणि तेव्हाही चहाबरोबर गोळी भामाबाईनंच दिली होती.