मीठ सोमवारी

"मावशी, तुम्ही स्वतः केलेलं कधी खाता का हो?"

मी विचारलं आणि मागे रांगेत सोल्मी आणि छेवन एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसायला लागल्या. पैजच होती तशी. विचारलं, तर आठवडाभर दोघींच्या ताटातलं अर्धं अर्धं कटलेट माझं. नाही विचारलं, तर मी भित्री. मागच्या वर्षीची दान्बी, म्हणजे मीच, भित्री होती. हजेरीला 'हो' म्हणतानाही तिचा आवाज घशातून परत जायचा. पण ही दान्बी अकरावीतली होती, जेवण समितीची प्रतिनिधी, अकरा मतांनी निवडून आलेली. ही काय घाबरणार!

ओक्सुन मावशींनी चिमट्यातलं कटलेट माझ्या ताटाच्या खाचेत ठेवलं. मास्कच्या वर त्यांचे फक्त डोळे दिसायचे, कायम लालसर.

"हे होय? नाही बाई. सकाळपासून नऊशे तळलीत. नाकानेच जेवण झालंय माझं."

"मग जेवता काय?"

"भात. त्यात जवाचं गार पाणी ओतायचं, वर मुळ्याचं लोणचं. संपलं."

"शी! नुसता पाण्यातला भात?"

"तुला कोण वाढतंय?"

मागून हशा पिकला. मी काही मागे हटणारी नव्हते. "आणि स्वतःचे लाड करायचे असले, तर?"

चिमटा हवेतच थांबला. "भोपळ्याची पेज," त्या म्हणाल्या. "गोड. आमची आई करायची तशी."

"कशी करतात?"

"पुढे सरक गं कटलेटवाले. मागे आठशे जण उभे आहेत."

हे अगदी खरं होतं. त्यांच्यासमोर प्रत्येकाला चार सेकंद मिळतात, मी मोजलेत. त्या चार सेकंदांत जगातली कुठलीच पाककृती सांगून होत नाही. म्हणून ती मला हप्त्याहप्त्याने मिळाली.

ओक्सुन मावशींबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही, असं त्या स्वतःच म्हणायच्या. गुन्सानच्या बंदराकडची ही आमची शाळा, तिच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं. सकाळी सहा वीसची बस. नवरा मासेमारीच्या बोटीवर, वर्षातले चार महिने घरी. मुलगी लग्न होऊन बूसानला. पायात रबरी बूट, टाचेवर रंगाने काढलेला चारचा आकडा. मनगटापासून कोपरापर्यंत तेलाच्या शिंतोड्यांचे ठिपके. कुणीतरी एकदा विचारलं, "मावशी, टॅटू का?" तर म्हणाल्या, "हो ना, तेलवाल्यांची जाहिरात करते मी."

खोकला होता. पण तो रांग संपल्यावरच यायचा. "शिस्तीचा आहे माझा खोकला," त्या म्हणायच्या. "घंटेशिवाय येत नाही."

आता माझ्याबद्दल. ते जास्त लांब आहे, आणि त्यात मला अभिमान वाटायचा असं बरंच काही आहे.

दर महिन्याला शाळेकडून जेवणाचा छापील तक्ता मिळतो. सगळ्याच घरांत मुलं त्यावर रंगीत पेनाने आवडीच्या पदार्थांना खुणा करतात आणि तो फ्रिजवर लावतात. मी तळणाच्या दिवसांना पिवळा रंग द्यायचे. आणि नुसता रंग देऊन थांबेन ती मी कसली! शेजारी शेरेही लिहायचे. 'कुरकुरीत, जीभ पोळली, पर्वा नाही.' 'माकूळ भजी! दोनदा मागितली, दोनदा मिळाली.' मार्चमध्ये समितीवर गेले तेव्हा पिवळा दिवस होता फक्त बुधवार. शुक्रवारही पिवळा करायचा, हे माझं निवडणुकीतलं वचन होतं. चारशे बारा सह्या गोळा केल्या मी, प्रत्येक वर्गात स्वतः उभी राहून. मी! मुख्याध्यापकांनी जेवणाच्या हॉलमध्ये माइकवरून 'मंजूर' म्हटलं आणि सगळा हॉल माझं नाव घेऊन ओरडला. आपलं नाव इतकं मोठं असू शकतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

स्वयंपाकघराच्या दारात सहाही मावश्या उभ्या होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. रबरी हातमोजे घालून वाजवलेली टाळी फदफद वाजते.

पाण्याच्या यंत्राशेजारी आमची इच्छापेटी असते. हवा तो पदार्थ चिठ्ठीवर लिहून टाकायचा, महिनाअखेरीला समिती मोजते. एप्रिलच्या मोजणीत पिठाच्या पोत्याच्या तपकिरी कागदाचा एक तुकडा निघाला. 'एखादा दिवस काहीतरी उकडलेलं द्यावं ही विनंती.' मेमध्ये पुन्हा तोच कागद, तीच विनंती. जूनमध्येही. मी ती चिठ्ठी दर वेळी कवळी निघालेल्या आजीच्या आवाजात वाचून दाखवली. "काऽऽहीतरी उकऽऽडलेलं द्यावं!" समितीतली पोरं टेबलावर आडवी झाली. समितीच्या शिक्षिकाही हसल्या. मग मी ती 'रद्द' लिहिलेल्या पाकिटात टाकली; ते पाकीट माझ्याकडेच असायचं. मोजणी हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर चालायची, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून.

तर, ऑक्टोबरमधली ती पाककृती.

मंगळवारी: "भोपळा कच्चा सोलत बसू नको, बोटं कापशील. आधी वाफव, साल आपोआप सुटते. पुढे सरक."

बुधवारी त्यांच्यामागे काहीच दिसत नव्हतं. छताजवळचा धूर ओढणारा पंखा नुसता घरघरत होता आणि धूर तिथेच. त्या त्यातून वाकून बाहेर आल्या. "लाल चवळी वेगळी शिजव. पहिलं पाणी ओतून दे, कडू असतं."

मी घरी येऊन तक्त्यावर लिहिलं, 'आज मावशींच्या मागे इतका धूर की सिनेमातल्यासारखं वाटलं! मस्त!!'

गुरुवारी: "तांदळाचं पीठ गार पाण्यातच कालवायचं. गरम पाण्यात कालवलंस तर गाठी होतील, मग माझ्या नावाने रडशील."

शुक्रवारी मी तळलेलं चिकन घ्यायला पुढे झाले. त्यांनी वाढलं, मग दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरली आणि पाठ फिरवून खोकल्या. रांग संपली नव्हती. तरी खोकल्या.

"आठचा आकडा काढत ढवळायचं," त्या परत वळून म्हणाल्या. "गोल गोल ढवळलं की मधे करपतं. आता राहिलं फक्त मीठ."

"गोड पेजेत मीठ?"

"ते सोमवारी सांगते."

सोमवारी त्यांच्या जागी पांग मावशी उभ्या होत्या, एरवी भांडी बघणाऱ्या. मंगळवारीही. गुरुवारी मी ताट पुढे न करता तशीच उभी राहिले. चार सेकंद, आठ सेकंद.

"ओक्सुन मावशी कुठे आहेत?"

पांग मावशींनी माझ्या ताटात भात वाढला, जरा जास्तच. "फुप्फुसात काहीतरी निघालंय. मोठ्या इस्पितळात आहे." मग हळूच म्हणाल्या, "जा पोरी, गार होईल."

शनिवारी मी पेज केली. पहिला भोपळा वाया गेला. दुसऱ्याच्या वेळी आई बाजूला उभी राहिली, पण हात लावला नाही. मीठ घातलं नाही. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. डबा रुमालात बांधला आणि बसने गेले.

त्या खाटेवर बसल्या होत्या. नाकात नळी होती, मास्क नव्हता. त्यांच्या चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. हनुवटीवर एक तीळ होता. पावणेदोन वर्षं रोज भेटलेल्या बाईच्या हनुवटीवर तीळ आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

"आली," त्या म्हणाल्या. "कटलेटवाली."

एकेका शब्दासाठी त्यांना थांबायला लागत होतं. मी डबा उघडला. त्यांनी अर्धा चमचा तोंडात घेतला, बराच वेळ तिथेच ठेवला.

"गाठी नाहीत," त्या म्हणाल्या.

अशी शाबासकी मला चारशे बारा सह्यांनीही दिली नव्हती. मी लगेच सुटले. "मावशी, मीठ राहिलं! सोमवारी सांगणार होतात तुम्ही. कधी घालायचं? किती?"

त्या बोलायला गेल्या आणि खोकला आला. थांबेचना. शेवटी त्यांनी उशाशी ठेवलेल्या पेनाकडे बोट दाखवलं. मी माझ्याच वहीचं पान फाडून दिलं. त्यांनी सावकाश लिहिलं, 'गॅस बंद केल्यावर. चिमूटभर. ही विनंती.'

मी वाचलं आणि कागद हातातच राहिला. आमच्या लिपीतलं चौकटीचं अक्षर चौकोनी न येता अंड्यासारखं गोल आलेलं. शेवटच्या शब्दाची शेपूट गळासारखी वर वळलेली. मी ते अक्षर तीनदा, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचलं होतं.

"मावशी," मी म्हणाले. मागच्या वर्षीसारखा आवाज घशातून परत गेला. "पेटीत... त्या चिठ्ठ्या..."

त्यांनी हात हलवला, माशी उडवावी तसा. "ती पेटी मुलांची. आम्ही टाकायची नसते. एकीला वाटलं... उकडीच्या दिवशी सगळ्याच जणींना श्वास येतो जरा. म्हणून." मग थांबून, नळीतून दोन श्वास घेऊन, त्या चक्क हसल्या. "आजीचा आवाज छान काढलास. आत ऐकू आला."

उरलेली पेज त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला द्यायला लावली. माझा डबा मात्र धुऊनच परत द्यायचा म्हणून हटून बसल्या, नर्सने धुतला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गेल्या. बुधवार होता. ताटात माकूळ भजी होती. सोल्मीने आपल्यातली दोन मला देऊ केली, पैज आठवून, आणि मग तिचाच हात मागे गेला. आम्ही तिघींनी भजी तशीच ठेवली. ती टाकताना पांग मावशींनी आमच्याकडे पाहिलं.

परवा रविवारी त्याच पांग मावशी आमच्या घरी आल्या, संत्र्यांची पिशवी घेऊन. आईने बसायला उशी दिली तरी खोलीच्या कडेला जमिनीवरच बसल्या.

"ओक्सुनच्या मुलीने अर्ज केलाय," त्या म्हणाल्या, "हे दुखणं कामातूनच आलं म्हणून. तर शाळेचं ऑफिस सांगतं, तळण महिन्यातून दोनदाच होतं. तक्त्यावर कटलेट लिहिलं असलं तरी ते ओव्हनमध्ये भाजतात म्हणे. घरी तळत असेल, सिगरेट ओढत असेल, त्याला आम्ही काय करणार म्हणे." त्यांनी स्वतःचे हात मांडीवर उलटे केले. तेच ठिपके. "सिगरेट! अहो, त्या ओव्हनचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. आम्ही त्यात हातमोजे ठेवतो."

"तुम्ही सगळ्या सांगा ना तसं," बाबा म्हणाले.

"आम्हाला तिथेच काम करायचंय हो."

पाणी आणायला आई उठली, तिच्यामागे पांग मावशींची नजर फ्रिजवर गेली. मी तक्ते कधीच काढून टाकत नाही. एकावर एक लावते. सुट्टीचे महिने सोडून मागच्या वर्षीच्या मार्चपासूनचे अठरा होते. त्या उठल्या, चष्मा लावला आणि एकेक पान उचलून वाचायला लागल्या. 'जीभ पोळली.' 'तेल गळतंय, अहाहा.' 'आज मावशींच्या मागे इतका धूर.' शेवटच्या शब्दापर्यंत त्यांचं बोट गेलं आणि 'मस्त'वर थांबलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"तारीखवार?"

"हो."

त्या खूप वेळ पिवळ्या रंगाकडे पाहत राहिल्या. यंदाच्या तक्त्यांवर तो जवळजवळ दुप्पट होता. त्यांनी काही मागितलं नाही. संत्री ठेवून गेल्या.

त्या गेल्यावर आई म्हणाली, "अजून एक वर्ष काढायचंय तुला त्या शाळेत. शिक्षक नोंदवहीत काय लिहितात, त्यावर कॉलेज ठरतं. कळतंय ना?"

"कळतंय."

बाबांनी मधला मार्ग काढला. ते नेहमी काढतात. "कागद देऊ. पण नाव नको. पांग बाईंना कुठेतरी सापडले, असं म्हणू. शेऱ्यांचा भाग कापून टाकू हवं तर."

शेऱ्यांचा भाग! त्या शेऱ्यांशिवाय ते कागद म्हणजे शाळेचाच छापील तक्ता. ओव्हनमधल्या कटलेटने जीभ पोळते, पण तेल गळत नाही.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. घरातला अर्धा भोपळा वाफवला. चवळीचं पहिलं पाणी ओतून दिलं. पीठ गार पाण्यात कालवलं. आठचा आकडा काढत ढवळत राहिले, हात भरून येईपर्यंत. आई दाराशी येऊन उभी राहिली आणि परत गेली. गॅस बंद केला. मग मीठ घातलं, चिमूटभर.

तीन वाट्या घेऊन आले. आईने चमचा तोंडात घातला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशीच्यापेक्षा गोड लागत होती. साखर तेवढीच होती.

कागद मी फ्रिजवरून उतरवले होते. वाट्यांच्या बाजूला ते नीट रचले आणि वर 'रद्द'चं पाकीट ठेवलं.

"आई, बाबा," मी म्हणाले, "हे उद्या मी स्वतः नेऊन देणार आहे, ओक्सुन मावशींच्या मुलीकडे. सगळे अठरा, शेऱ्यांसकट. काही कापणार नाही. शुक्रवारचं तळण कुणी मागितलं, ते लिहिणार आहे. या तीन चिठ्ठ्या कुणी वाचल्या आणि कशा आवाजात वाचल्या, तेही. आणि खाली सही करणार आहे. प्यो दान्बी, अकरावी, तुकडी तीन, जेवण समिती प्रतिनिधी."