कोट बेतणारी कात्री

मित्रांनो, कोट अंगात घालताना तो कोणी बेतला, हे तुम्ही कधी विचारत नाही. विचारले असते, तर मी पुढे आले असते. मी कोट शिवणाऱ्या कारखान्यातली जुनी, मोठी कात्री आहे.

लोहाराने दोन पाती ठोकली, दगडावर घासली, मधोमध स्क्रू बसवला आणि मी जन्मले. मला मामांनी निवडून घेतले. मामा म्हणजे कारखाना चालवणाऱ्या दोघी बहिणींचे सख्खे मामा. लांब टेबलावर कापड पसरून ते पुठ्ठ्याचे नमुने त्यावर हलवत राहायचे. बाहीच्या खाचेत कॉलर, कॉलरच्या कडेला खिसा. सगळे नीट बसले, की मग माझी पाळी. काम संपल्यावर उरलेल्या चिंध्या मुठीत मावत.

पुढे एक दिवस कोट घेणारा दुकानदार म्हणाला, "भाव उतरवा, नाहीतर मी दुसरीकडे जातो." त्याच्यावरच तर कारखाना चालत होता. थोरलीने घाईने विजेचे यंत्र आणले. ते कापडाचे थरावर थर एका दमात कापायचे.

"मामा, आता तुम्ही आराम करा," ती म्हणाली.

"आराम करू म्हणजे काय करू? घरी बसून भिंतीशी गप्पा मारू?"

मामा घरी गेले. मला खिळ्याला टांगले गेले.

पण कोट काही स्वस्त पडेना. यंत्राचे पाते वळायला जागा हवी, म्हणून नमुने दूर दूर मांडावे लागत. कोटाच्या महागड्या लोकरी कापडाचे तुकडे पोत्यात साठू लागले. धाकटीने ते पोते थोरलीच्या पायाशी पालथे केले.

"ताई, मामांची मजुरी वाचवलीस ना? शोध, यातच पडली असेल."

मामा परतले. मला केवढा आनंद झाला! पण मामा हट्टी. लोकरच काय, आतले अस्तरसुद्धा ते त्याच काळजीने बेतू लागले. लोकर वाट बघत पडली आणि शिवणाऱ्या बायका हात बांधून बसल्या.

"मामा, अस्तराचं कापड पाण्याच्या भावाचं," धाकटी म्हणाली. "दोन बोटं वाचवायला अख्खी सकाळ घालवलीत. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला!"

"कापड वाया घालवणं माझ्याच्यानं होत नाही."

"आणि सकाळ वाया घालवणं होतं? ती काय फुकट आलीय?"

मामा हसले. "आईवर गेलीस हो तू. ती पण मला कधी जिंकू द्यायची नाही."

तेव्हापासून अस्तर यंत्राकडे गेले आणि लोकर माझ्याकडे आली. मित्रांनो, तेवढेच कोट अनेक रीतींनी होतात. कापड जास्त आणि हात कमी, नाहीतर हात जास्त आणि कापड कमी. बहिणी एवढेच बघत, की इथला एक पैसा उचलून तिथे घातला, तर तेवढ्याच पैशात जास्त कोट निघतात का? निघत असतील, तर त्या तो हलवत. दोन्हीकडे पैशाला सारखेच कोट निघू लागले, की थांबत. कोट स्वस्त पडला. दुकानदार टिकला आणि मामांचे टेबलही टिकले.

काही वर्षांनी लोकरच स्वस्त झाली. आता तिच्यासाठी तासन् तास खपणे परवडेना. "जाऊ दे यंत्रावर," मामा स्वतःच म्हणाले. "पण मी घरी बसणार नाही हं, सांगून ठेवतो!" ते यंत्रासाठी नमुने मांडू लागले. मी पुन्हा खिळ्यावर गेले. मला वाईट वाटले, पण तक्रार नव्हती. हिशेब बरोबर होता.

फक्त मला कोणी पुसून तेल लावले नाही आणि मी गंजत गेले. परवा फार महागाचे कापड आले, तेव्हा मामांनी मला हातात घेतले, तर माझी पाती उघडेनात. त्यांनी तेल घालून, चोळून ती कशीबशी सोडवली. पण पहिल्याच कापाला कापड दाताने फाडल्यासारखे फाटले. मामा त्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

मित्रांनो, आज महाग पडते ते खुशाल बाजूला ठेवा. भाव फिरतात, तशी कामेही फिरतात. मात्र बाजूला ठेवताना त्याला थेंबभर तेल लावून ठेवा.